गजरा आणि टोपणभर पेट्रोल

कसबा बावडा, कोल्हापूर
कार्तिक शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप गणपतराव दाजी यांच्या चरणी मेहुणा कृष्णात याचा साष्टांग नमस्कार. (नेहमी नुसता लिहायचा म्हणून लिहितो, पण या खेपेस खरोखरचा आहे. हे पत्र वाचून संपेपर्यंत मी जमिनीवर पालथा पडलोय असंच समजावं.)

इकडील सर्व क्षेम. आक्काचा गुडघा कसा आहे? मस्कतला सगळीकडे लिफ्ट असते म्हणतात, तेव्हा जिन्याचा त्रास तरी वाचला असेल. चि. ऋतुराज, सौ. स्वप्नाली आणि नात प्रियदर्शनी (पोरगी चार महिन्यांची आणि नाव केवढं, हाक मारेपर्यंत रडून झोपत असेल) यांना आशीर्वाद. आमची तानाबाई बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण ताट वाढते. शेजारचे बसलिंगाप्पा आणि त्यांचं किराणा दुकान जागेवर आहे. आणि गजरा जिवंत आहे, धडधाकट आहे. हे आत्ताच लिहून टाकतो, कारण चष्मा लावून तुम्ही आधी म्हशीचं नाव शोधणार आणि मग माझा नमस्कार वाचणार, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे. पण मोतीबिंदूमुळे पत्र सूनबाई वाचून दाखवतील असं आक्का म्हणाली. सूनबाई पुण्याच्या, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मी कंसात उकलून लिहितो. राग मानू नये. राग मानायला पुढं पुष्कळ जागा आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. दाजी, फोनवर मी तुमच्याशी गेले चार रविवार खोटं बोललो. ते खोटं फोनवरच निस्तरावं म्हणून दोनदा प्रयत्न केला, पण तुम्ही "कृष्णा, गजरा कशी हाय?" असं विचारलंत की माझी जीभ आपसूक "झकास!" म्हणून मोकळी होते. बसलिंगाप्पांचे मेव्हणे परवा मस्कतला निघालेत. त्यांच्याबरोबर कांदा-लसूण चटणीचा डबा आणि हे पत्र देतोय. आधी चटणी घ्यावी.

आता पत्रास कारण की, तुमची गाडी.

(सूनबाई, दाजींची दोन-स्ट्रोकची मोटारसायकल तुम्ही लग्नात पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेलच. तिच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली होती, त्यामुळं आवाज दोन गल्ल्या पलीकडं जायचा. ते वात्रटपणासाठी नव्हतं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मालक पुढं गाडीवर, मागं त्याची म्हैस धावत, अशी मिरवणूक निघते. दावं नाही, दोरी नाही. शंभर गाड्या धडधडत असल्या तरी म्हैस आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून त्याच आवाजामागं पळते. गजरानं दाजींच्या गाडीमागं पळून चार वर्षं बक्षिसाची ढाल आणलीय. आणि रोज संध्याकाळी पाचला दाजी दूध संस्थेतून यायचे, गाडी गल्लीच्या तोंडाशी वळायची, तो आवाज कानावर पडला की गजरा गोठ्यात पान्हवायची. त्याआधी कुणी कितीही चुचकारलं तरी थेंब नाही.)

सूनबाईंच्या बाळंतपणासाठी मस्कतला जाताना तुम्ही मला एवढंच सांगितलं होतं : "रोज पाचला गाडी चालू करायची. गल्लीच्या तोंडापासनं गोठ्यापतूर आणायची. बाकी गाडीला हात लावायचा न्हाय, कृष्णा." आणि मी तुमच्या हातावर हात ठेवून व्हय म्हटलं होतं. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत मी ते इमानानं केलं. गजरा माझ्याकडं बघून तोंड फिरवायची, पण आवाज ऐकून दूध द्यायची. गल्लीच्या तोंडापासून गोठ्यापर्यंत पेट्रोल लागायचं किती, तर बाटलीचं एक टोपण. हे टोपण लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या देशसेवेची व्याप्ती तेवढीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं, की पंधरा ऑगस्टला दूध संस्थेच्या झेंडावंदनाला तुमच्या जागी भाषण करायला मला उभं केलं. तुम्ही दरवर्षी "सर्वांना शुभेच्छा, दुधात पाणी घालू नका" एवढं बोलून बसता. मी तसं करायला हवं होतं. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी (बाटल्या धुण्यात काढली, पण प्रयोगशाळेतच ना), मला विज्ञानावर बोलावंसं वाटलं. त्या आठवड्यात तेलाची जहाजं समुद्रात खोळंबल्याचं पेपरात वाचलं होतं. मी म्हटलं, आपला देश परदेशाच्या तेलावर चालतो, ते तेल थांबलं की आपण थांबलो, मग आपलं स्वातंत्र्य ते कसलं? (ऋतुराज तिथं तेल कंपनीतच आहे, पण त्याच्या पगाराविषयी माझ्या मनात काही नाही, हेही मी भाषणात सांगून टाकलं. लोक हसले. का हसले ते अजून कळलेलं नाही.) टाळ्या पडल्या. दाजी, मला आयुष्यात टाळ्या पडलेल्या नाहीत. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा मी हात वर करून म्हणालो, की आजपासून परदेशी तेलाचा एक थेंब माझ्या हातून जळणार नाही. खाली उतरलो तर बसलिंगाप्पा कानाशी येऊन म्हणाले, "आनि दाजींची गाडी वो?" मी म्हटलं, तीही. (नवं इंधन सापडेपर्यंत टाकीतलं जुनं पेट्रोल रोज टोपणभर जाळायचं, ते शपथेत धरायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.) तिथंच तुमचा हात माझ्या हातातून सुटला.

पहिला प्रयोग काकवीचा. कारखान्यात उसाच्या मळीपासून इंधन करतात, मग घरी काकवीपासून का होऊ नये? न्हाणीघरात पिंप भरून आंबवत ठेवलं. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की गाडीत घालायची वेळच आली नाही, माणसंच यायला लागली. आधी आपली गल्ली, मग पलीकडची, आणि चौथ्या दिवशी हातकणंगल्याहून एक गृहस्थ स्वतःचा पेला घेऊन दारात उभे. म्हणाले, "पावणं, लई नाव ऐकलंय." मी त्यांना देशाच्या इंधन-स्वावलंबनाविषयी अर्धा तास सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, व्हय, ते पटलं, पण पेला भरा. मागच्या दारानं तानाबाईनं अख्खं पिंप नारळाच्या बुडात ओतलं. नारळ यंदा फार धरलाय, तेवढंच काय ते यश.

दुसरा प्रयोग शेणाचा. हा मला अजूनही सुंदर वाटतो, दाजी, हसू नका. गजराच्या शेणाचा गॅस करायचा, त्यावर गाडी चालवायची आणि त्या गाडीमागं गजरानं पळायचं. म्हणजे म्हैसच गाडी ओढणार आणि म्हैसच मागं धावणार. कागदावर आकृती काढून मी बसलिंगाप्पांना दाखवली तर ती उलटसुलट करून बघत ते म्हणाले की यात तुमची काय गरज आहे ते कळंना. ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये गॅस भरला, ट्यूब गाडीच्या मागं बांधली, नळी इंजिनाला जोडली. गाडी सुरू झाली! शपथेवर सांगतो, सुरू झाली. मारुतीच्या देवळापर्यंत गेली. तिथं नळी निसटली आणि सगळा गॅस देवळात बसलेल्या भजनी मंडळावर गेला. मंडळानं तो अभंग अर्धाच सोडलाय. हल्ली मी प्रदक्षिणा बाहेरूनच घालतो.

इथं थांबायला हवं होतं. तानाबाई म्हणाली, "तुमास्नी दाजींनी काय सांगितलंतं?" मला ते आठवत होतं, हेच वाईट. विसरलो असतो तर माफी मागायला तोंड असतं. पण गल्लीतली माणसं जाता-येता "काय शास्त्रज्ञ, थेंब जळला का?" असं विचारायची, आणि साठीला आलेल्या माणसाला चेष्टा सोसत नाही. बसलिंगाप्पांची लेक रक्षिता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे, जुन्या गाड्यांचं इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवायला तिला येतं. दसऱ्याच्या आधी दोन रविवार बसून तिनं काम केलं. पोरीनं मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, काका, दाजींना फोन केलाय का? दुसऱ्यांदा म्हणाली, आवाज अजिबात यायचा न्हाय, चालंल का? आणि दुसऱ्या रविवारी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, इंजिन खाली उतरवल्यावर म्हणाली, "काका, हे घरात ठेवा की. लागलं तर?" मी म्हटलं, लागायचं कशाला, आता मागं वळून बघायचं नाही. आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या गाड्यावर तुमचं इंजिन सायलेन्सरसकट माझ्या हातानं उचलून ठेवलं. चांगलं जड होतं. त्याच्या एका बाजूला तुम्ही सुतळीनं बांधलेली ती पत्र्याची चकती होती ना, ती उन्हात चमकत गल्लीच्या टोकापर्यंत दिसली. हा दोष रक्षिताचा नाही, भंगारवाल्याचा नाही, देशाचा तर नाहीच नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी पाचला गल्लीच्या तोंडाशी गेलो, बटण दाबलं, आणि गाडी अशी निघाली की माझं मलाच कळलं नाही. कुत्रीसुद्धा उठली नाहीत. परदेशी तेलाचा थेंब नाही, धूर नाही, आवाज नाही. गोठ्यापुढं येऊन उभा राहिलो. गजरा कान टवकारून रस्त्याकडं बघत होती. माझ्याकडं नाही, माझ्या पलीकडं. पाच वाजून गेले, साडेपाच झाले, ती तशीच बघत होती. तानाबाई कासंडी घेऊन बसली, ऊठबस केली, गूळ चारला. त्या दिवशी गजरानं दूध चोरलं ते चोरलंच. संध्याकाळी पाच लिटर देणारी म्हैस, दुसऱ्या दिवसापासून कासंडीचा तळ झाकेना.

मग मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तोंडानं गाडीचा आवाज काढला. रोज पाचला, गल्लीच्या तोंडापासून, पळत. (डॉक्टरनी चालायला सांगितलंच होतं.) गजरानं दुर्लक्ष केलं, पोरांनी केलं नाही. मग रक्षिताकडं गेल्या पाडव्याचा व्हिडिओ सापडला, तुम्ही फेटा बांधून गाडीवर आहात आणि गाडी धडधडतेय तो. गणपती मंडळाचा स्पीकर आणून गोठ्याबाहेर लावला. पहिल्या दिवशी ती आली हो! दावं तोडून आली. स्पीकरपाशी गेली, वास घेतला, एक फेरी मारून मागं बघितलं आणि शिंगानं ढकलून स्पीकर पाण्याच्या हौदात टाकला. त्यानंतर कितीही वाजवा, ती कान हलवत नाही.

आणि हाच आवाज, दाजी, मी तुम्हाला रविवारी फोनवर ऐकवत होतो. तुम्ही म्हणायचा, "गाडी चालू कर बघू जरा," मी व्हिडिओ लावायचो. तुम्ही म्हणायचा, "आनि गजरा?" तर बसलिंगाप्पा शेजारी उभे राहून रेकायचे. (हुबेहूब रेकतात. पहिल्यांदा मलाच दचकायला झालं.) तिसऱ्या रविवारी तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात आणि म्हणालात, "आवाज ब्येस ठिवलायस रं, कृष्णा." असं तुम्ही मला आजवर कधीच म्हटलं नव्हतं, ना लग्नात, ना मी निवृत्त झालो तेव्हा. मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. बसलिंगाप्पाही त्या दिवशी चहा न घेता घरी गेले.

पाडवा आला. तुम्ही सांगून ठेवलं होतं की मी नसलो तरी गजराला नदीच्या घाटावर मिरवणुकीला न्यायचीच. सजवली. शिंगांना केशरी रंग, मोरपिसं, पाठीवरचे केस कातरून तुमचं नाव. मी फेटा बांधून मुक्या गाडीवर बसलो. सगळ्यांच्या गाड्या पेटल्या, धूर, गुलाल, कुणाला कुणाचं ऐकू येईना, आणि त्यात मी एकटा असा, की लोक म्हणाले गाडी ढकलत आणलीय का. मी पुढं गेलो. गजरा जागची हलली नाही. मी परत आलो, पुन्हा गेलो. शेजारचा एकजण म्हणाला, पावणं, म्हैस भाड्यानं आणलीया काय? आणि तेवढ्यात, दाजी, मागून तुमची गाडी आली.

मीच आधी ओळखली, खोटं सांगत नाही. ती मध्येच ठसका लागल्यासारखी दोनदा थांबून उचलायची ना, तशीच. मान वळवून बघतो तर एक पोरसवदा गडी, फेटा गुलाबी, गाडी दुसरीच, पण इंजिनाला सुतळीनं बांधलेली पत्र्याची चकती. (नंतर कळलं, पेठ वडगावचा यशराज. पाडव्यासाठी असलं इंजिन शोधत होता, भंगारात मिळालं, जसं होतं तसं बसवलं.) गजरानं मान वर केली. आणि ती जी सुटली, दाजी! चार पायांवर नव्हतीच. माळा तुटल्या, कवड्या रस्त्यावर सांडल्या, दोन गाड्यांच्या मधून गेली, यशराजची स्वतःची म्हैस त्याच्यामागं पळत होती तिला बाजूला सारलं. लोक उभं राहून शिट्ट्या मारायला लागले. इतकी ती तुमच्यामागंही कधी पळाली नव्हती. घाटाच्या उतारावर तिनं त्याला गाठलं, मान लांब केली आणि त्याच्या पाठीला नाक लावलं. पोरानं दचकून मागं बघितलं.

ती थांबली. भर रस्त्यात, तिथंच. एकदा त्याच्या हाताचा वास घेतला. बाकीच्या म्हशी दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, गाड्या गेल्या, आणि ती मध्ये उभी राहून रेकली. बसलिंगाप्पा माझ्या शेजारी होते. त्यांनी मान खाली घातली. मी रडलो दाजी, फेट्याच्या शेवानं तोंड झाकून, गुलाल डोळ्यांत गेला असं सांगत. तिला वाटलं तुम्ही आलात.

सर्वांत चांगली पळालेली म्हैस म्हणून ढाल तिलाच मिळाली. गाडीवाला म्हणून नाव यशराजचं लागलं. (त्याची म्हैस रुसून दोन दिवस चरली नाही.) पोरगं मात्र सोन्यासारखं. तिन्हीसांजेला स्वतः गजराला घेऊन आलं, ढाल घेऊन आलं, आणि सगळी हकिगत त्यानं बसून ऐकली. मी तुमचा अपराधी आहे. तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एकही धड राहिली नाही, आणि वाचवलं काय, तर टोपणभर पेट्रोल. पदरात घ्यावं असं लिहायचा हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

आपला, आज्ञा न पाळलेला मेहुणा,
कृष्णात

ता. क. : यशराजनं इंजिन परत दिलं. मोबदल्यात काही मागत नव्हता, पण मला राहवेना, म्हणून गजराला पुढं होणारी रेडी मी त्याला कबूल केलीय. म्हैस तुमची, रेडी तुमची, शब्द माझा. जमल्यास मान्य करावं.

ता. क. दुसरा : रक्षितानं इंजिन पुन्हा बसवलं. या वेळी काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. पेट्रोल आणायला मी तोंडाला टॉवेल गुंडाळून पंपावर गेलो. पंपावरचा पोरगा म्हणाला, "काय शास्त्रज्ञ, किती टाकू?" पण मुद्दा तो नाही. आता रोज पाचला खरा आवाज होतो, गजरा फाटकापर्यंत येते, माझ्या हाताचा वास घेते आणि परत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहते. पाडव्यानंतर तिला नुसत्या आवाजाचा भरवसा उरलेला नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : आक्का फोनवर तानाबाईला म्हणाली, की ऋतुराज तुम्हाला तिकडंच ठेवून घ्यायचं म्हणतोय, आणि तुम्हीही "गजरा कृष्णाजवळ सुखात हाय, मग जायाचं कशाला" असं म्हणता. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. दाजी, ती सुखात नाही. मी तुम्हाला चार रविवार जे ऐकवलं ते ऐकून तुम्ही तिकडं राहायचं ठरवलंत, हे माझं सगळ्यात मोठं पाप. तुम्ही या. विमानाला लागेल तेवढं परदेशी तेल जळू दे, पंधरा ऑगस्टचं भाषण मी मागं घेतो, वाटल्यास दूध संस्थेत उभा राहून घेतो. फक्त रिक्षातून गोठ्यापर्यंत येऊ नका, गल्लीच्या तोंडाशी उतरा. तिथं गाडी उभी करून ठेवलीय. टाकीत एक टोपण आहे, तुम्हाला तेवढं पुरतं.